एवढ्या जवळून डार्ट चुकतो कसा? बंदुकीवरच्या दुर्बिणीची आणि तिच्या माउंटची सोपी ओळख

चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडे वाघ किंवा बिबट बेशुद्ध करून पकडल्याची बातमी आली की तिच्यात एक वाक्य बहुतेक वेळा असतं: पहिला नेम चुकला, दुसरा डार्ट बसला. कधी दुसराही चुकतो. जनावर झुडपात शिरतं, दिवस कलतो आणि मोहीम दुसऱ्या दिवसावर जाते. मग पारावर चर्चा सुरू होते, "भाऊ, पंचवीस मीटरवर तर बसला होता. एवढ्या जवळून काऊन चुकला?"

प्रश्न रास्त आहे. ज्या गावात मोहफुलं आणि तेंदूपत्त्यासाठी बायामाणसांना पहाटे जंगलात जावंच लागतं, त्या गावाला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. उत्तरं मात्र ठरलेली मिळतात: वाघ हलला, गवत आडवं आलं, मारणाऱ्याचा हात हलला. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं. पण आणखी एक कारण आहे, जे बातमीत येत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. बंदुकीवर दुर्बीण ज्या जोडकामानं बसवलेली असते, ते जोडकामच हललेलं असतं.

फौजेत आर्मरर म्हणून, म्हणजे हत्यारं तपासून दुरुस्त करण्यात, माझी नोकरी गेली. रायफलीचा नेम बिघडला की जवान आधी स्वतःला दोष देतो, मग दुर्बिणीला. या जोडकामाकडे, म्हणजे माउंटकडे, तो सगळ्यात शेवटी पाहतो, आणि दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो. डार्ट गनचंही तसंच आहे.

आधी बंदूक समजून घेऊ

डार्ट गनमधून गोळी सुटत नाही, सुई लावलेली सिरिंज सुटते. तिलाच डार्ट म्हणतात. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा आणि शेपटाला रंगीत गोंडा, म्हणजे ती हवेत सरळ जावी. सुईचं टोक बंद असतं. भोक बाजूला असतं आणि त्यावर रबरासारखी छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की ती नळी मागे सरकते, भोक उघडं पडतं आणि मागची हवा औषध आत ढकलते. वाघासाठी झायलाझिन आणि केटामाइन ही औषधं बरीच वापरली जातात. मात्रा पशुवैद्यक जनावराच्या अंदाजी वजनावरून ठरवतो.

आपल्याकडे दिसणाऱ्या अनेक डार्ट गन कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतात. बंदुकीवर दाब दाखवणारा काटा असतो. अंतर किती आणि डार्ट किती जड, यावरून दाब किती ठेवायचा याचा तक्ता असतो. अंतर जास्त तर दाब जास्त. दाब कमी पडला तर डार्ट पोचत नाही, आणि जास्त झाला तर सुई स्नायूत न थांबता खोल घुसून जनावराला इजा करते. म्हणून डार्ट मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसावा लागतो. पोट, छाती, डोकं या जागा वर्ज्य. एकूण काय, वाघ केवढाही मोठा असला तरी नेमाची जागा आपल्या जेवणाच्या ताटाएवढीच असते.

दुर्बीण, रिंग, रेल, माउंट

बंदुकीवरच्या दुर्बिणीत डोळा लावला की एक फुली किंवा ठिपका दिसतो. तो जनावरावर धरायचा. ही दुर्बीण हवेत तरंगत नसते. तिच्या नळीभोवती दोन कड्या असतात, त्या रिंगा. रिंगा ज्या खाचांच्या पट्टीवर बसतात ती रेल. रिंगा, त्यांचे स्क्रू आणि खालची पकड मिळून जे काम तयार होतं, त्याला या लेखात माउंट म्हणू.

आणखी एकच शब्द लागेल: झिरो. ठरावीक अंतरावर फुली जिथे आहे तिथेच डार्ट पडेल, असं दुर्बिणीच्या फिरक्या फिरवून जुळवून घेणं म्हणजे झिरो करणं. फिरकी फिरवताना टकटक आवाज होतो, त्या प्रत्येक टप्प्याला क्लिक म्हणतात.

झिरोच्या मागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आज दुर्बीण आणि बंदुकीची नळी यांच्यात जो कोन आहे, तोच उद्या राहील. हा कोन टिकवणं एवढंच माउंटचं काम. दुर्बीण लाखाची असो की पाच हजारांची, कोन बदलला की फुली एकीकडे आणि डार्ट दुसरीकडे.

एक मिलिमीटरनं काय होतं?

ज्यानं वावरात तिफण धरली आहे त्याला हे लगेच कळेल. या धुऱ्यावर तिफण बोटभर तिरपी लागली तर इथे काहीच दिसत नाही, पण पल्याडच्या धुऱ्यापर्यंत जाताना तास शेजारच्या ओळीत घुसलेलं असतं. चूक कोनाची असते, ती अंतरासोबत वाढत जाते.

आता आकडे लावू. समजा माउंटच्या दोन रिंगांमध्ये 10 सेंटीमीटर अंतर आहे आणि मागची रिंग 1 मिलिमीटर सरकली. शंभरात एक एवढा तिरपेपणा आला. म्हणजे 25 मीटरवर नेम 25 सेंटीमीटर हुकला. वितीपेक्षा जास्त. मांडीवर धरलेला डार्ट पोटात जाऊ शकतो किंवा वाघाच्या पाठीवरून निघून जाऊ शकतो.

याच्याशी तुलना करायला दुसरा हिशेब. डार्ट गोळीच्या मानानं फार सावकाश जातो. सेकंदाला 50 मीटर वेग धरला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तरी 20 मीटर जाताना तो सुमारे 78 सेंटीमीटर खाली येतो. म्हणून नळी मुळातच वर रोखलेली असते. 20 मीटरसाठी जुळवलेली बंदूक 25 मीटरवरच्या वाघावर तशीच चालवली, तर डार्ट साधारण 25 सेंटीमीटर खाली पडतो. म्हणजे अंतराचा अंदाज पाच मीटरनं चुकणं आणि मागची रिंग एक मिलिमीटर सरकणं, दोन्हींचं नुकसान सारखंच. अंतरासाठी आज लेझरचं यंत्र असतं, पथक ते न चुकता वापरतं. माउंटसाठी फक्त बोट लावून पाहायचं असतं, आणि ते राहून जातं.

पण डार्ट गनला झटका कुठे असतो?

हा आक्षेप अनुभवी माणसंही घेतात. रायफलीला दणका असतो म्हणून तिचा माउंट ढिला होतो, गॅसवरच्या बंदुकीला कशाचा दणका?

बंदूक चालवताना फारसा नसतो, हे खरं. पण ही बंदूक वर्षभर काय करते ते पाहा. पेटीत बंद होऊन जिप्सीच्या मागच्या भागात जाते. पांदण, गिट्टीचे रस्ते, नाल्यातला उतार, बोडीच्या पाळीवरून जाणारी चाकोरी. तासन् तास बारीक थरथर. स्क्रूला एक मोठा दणका परवडतो, ही थरथर त्याला हळूहळू उलटा फिरवते. दुसरं, घाईत पेटीतून बंदूक काढताना हात सहज दुर्बिणीवरच जातो, कारण पकडायला ती सोयीची. बंदुकीचं सगळं वजन त्या वेळी दोन रिंगांवर येतं. तिसरं, पेटी लहान म्हणून काही ठिकाणी दुर्बीण काढून वेगळी ठेवतात आणि जंगलात पोचल्यावर पुन्हा लावतात. पुन्हा लावलेली दुर्बीण त्याच जागी, तेवढीच घट्ट बसली की नाही, हे तिथे कोणी पाहत नाही.

मी एकदा जवळून पाहिलेली रिंग सांगतो. वरून नवीकोरी दिसत होती. स्क्रू घट्ट, किल्ली फिरेना. दुर्बीण हातानं हलवली तर हलल्यासारखं वाटलं नाही. रिंग आणि रेल यांच्या सांध्यावर अंगठा ठेवून दुसऱ्या हातानं दुर्बीण बाजूला दाबली, तेव्हा अंगठ्याखाली केसाएवढी हालचाल लागली. उघडून पाहिलं तर रेलच्या खाचेत लाल मातीचा थर बसून कडक झाला होता आणि रिंगची पकड त्या मातीवर टेकली होती. स्क्रू घट्ट होता, पण धातू धातूला टेकलाच नव्हता. डोळ्याला जे दिसत नाही ते सांध्यावर ठेवलेल्या बोटाला कळतं. ही तपासणी फुकट आहे, कोणत्याही बंदुकीवर चालते.

माउंट बसवायचा कसा

पहिलं काम, बंदूक रिकामी आहे हे पाहणं. डार्ट काढलेला, गॅस सोडलेला, काट्यावर दाब शून्य. रायफल असेल तर मॅगझिन बाहेर, चेंबर, म्हणजे गोळी बसायची जागा, डोळ्यानं आणि बोटानं तपासलेलं. याला सूट नाही.

मग रेल आणि रिंग एकाच जातीची आहेत का ते पाहायचं. इथे फार घोळ होतो. एअर रायफल आणि कित्येक डार्ट गनवर 11 मिलिमीटरची गुळगुळीत, उतरत्या कडांची रेल असते. रायफलींवर आडव्या खाचांच्या दोन जाती चालतात: जुनी वीव्हर आणि लष्करी मापाची पिकाटिनी. लांबून दोन्ही एकसारख्या. पण पिकाटिनीची खाच 5.23 मिलिमीटर रुंद असते आणि वीव्हरची सुमारे 4.6. पिकाटिनीच्या रिंगचा आडवा दांडा वीव्हरच्या खाचेत उतरतच नाही. तो खाचेच्या काठावर बसतो आणि वरून घट्ट वाटतो. वीव्हरची रिंग पिकाटिनीवर बसते, पण अर्ध्या मिलिमीटरहून जास्त जागा मोकळी राहते. अशा वेळी रिंग पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवायची आणि मग आवळायची. पुढेच का? बंदूक मागे झटका खाते तेव्हा वजनदार दुर्बीण जागीच राहू पाहते, म्हणजे बंदुकीच्या हिशेबानं ती पुढे सरकते. आधीच पुढे टेकलेली असेल तर सरकायला जागा उरत नाही. नळीचं मापही बघा. दुर्बिणीची नळी बहुतेक वेळा 25.4 किंवा 30 मिलिमीटरची असते, आणि रिंग त्याच मापाची हवी. कागदाची घडी किंवा रबराची पट्टी घालून माप जुळवणं म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं.

रेल, रिंगा आणि स्क्रूचे आटे स्पिरिटनं पुसून कोरडे करायचे. तेलाचा हात नको. बंदुकीला तेल लावायची सवय असते, ती इथे नुकसान करते. तेलकट नळी रिंगमध्ये घसरते.

त्यानंतर दुर्बीण पुढे-मागे सरकवून डोळ्याचं अंतर ठरवायचं. पूर्ण गोल चित्र दिसेल, कडेला काळी सावली येणार नाही, अशी जागा साधारण 8 ते 10 सेंटीमीटरवर सापडते. ज्याला बंदूक चालवायची आहे त्यानंच, ज्या बैठकीत चालवायची त्याच बैठकीत हे करावं. जिप्सीत उभं राहून आणि मचाणावर बसून मान वेगवेगळी पडते.

आता फुली सरळ करायची. गावात गवंड्याकडे ओळंबा असतोच. 20 मीटरवर झाडाला तो लटकवा, बंदूक टेकूवर सपाट ठेवा आणि फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर जुळवा. याला वेळ द्या, कारण रायफलीपेक्षा डार्ट गनवर हा तिरपेपणा जास्त महाग पडतो. डार्ट 78 सेंटीमीटर खाली येतो हे आपण पाहिलं. तेवढं खाली येणं भरून काढायला नळी वर रोखलेली असते. बंदूक 5 अंश कलली तर ही उंची बाजूला वळते आणि डार्ट सुमारे 7 सेंटीमीटर बाजूला जातो. मारणारा शपथेवर सांगेल की फुली मांडीवर होती, आणि तो खरंच बोलत असेल.

शेवटी स्क्रू. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा, असं करायचं नाही. थोडा हा, थोडा तो, समोरासमोर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहतात. रिंगच्या वरच्या स्क्रूंना साधारण 1.7 ते 2 न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, खालच्या मोठ्या नटाला त्याच्या तिप्पट-चौपट. माउंट बनवणाऱ्यानं दिलेला आकडा असेल तर तोच धरावा, आणि जोर मोजणारा पाना वापरावा. हा पाना प्रत्येक पथकाच्या पेटीत असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. एका चुकलेल्या मोहिमेच्या डिझेलच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

सगळं झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. रिंग आणि रेलच्या सांध्यावरही एक. स्क्रू फिरला किंवा रिंग सरकली तर रेघ तुटते. पुढच्या वेळी पेटी उघडताच एका नजरेत कळतं. हे आर्मररचं जुनं काम आहे, आणि याला तोड नाही.

जोरात आवळलं की झालं ना?

नाही. वर दिलेल्या आकड्याच्या दुप्पट जोर लावला तर दुर्बिणीची ॲल्युमिनियमची नळी चेपू शकते. आत एक बारीक नळी असते, ती फिरक्यांसोबत हलते. बाहेरची नळी चेपली की आतली अडकते. मग क्लिक फिरवले तरी फुली हलत नाही, आणि दोन-तीन डार्टनंतर एकदम उडी मारते. अशी दुर्बीण सैल माउंटपेक्षा वाईट, कारण तिचा दोष रेघेवरून ओळखता येत नाही.

आणखी एक फसवा प्रकार: स्क्रू गरजेपेक्षा लांब. तो भोकाच्या तळाला टेकतो, किल्ली थांबते, आपल्याला वाटतं घट्ट झालं. प्रत्यक्षात त्यानं माउंट दाबलेलाच नसतो. एखादा स्क्रू हरवला आणि डब्यातला दुसरा लावला की हे घडतं. ओळखायची खूण सोपी. किल्ली हळूहळू जड होत थांबली तर पकड बसली. एकदम खटकन थांबली तर स्क्रू काढून त्याची लांबी पाहा.

नेम बिघडला, आता दोष शोधायचा कुठे?

पहिला नियम, क्लिकला हात लावायचा नाही. नेम डावीकडे गेला की उजवीकडे क्लिक द्यायचे, ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे, पण माउंट हललेला असेल तर आपण सरकत्या पायावर भिंत सरळ करत बसतो.

औषध नसलेले, पण पाणी भरून तेवढ्याच वजनाचे केलेले सरावाचे डार्ट घ्या. अंतर मोजा, दाब काट्यावर तोच ठेवा, बंदूक टेकूवर ठेवा आणि पुठ्ठ्यावर पाच वेळा मारा. पुठ्ठा दोन गोष्टी सांगतो. पाचही डार्ट एका जागी, पण मध्यापासून दूर पडले असतील तर पकड शाबूत आहे. एकतर कोणी क्लिक हलवले, नाहीतर माउंट एकदाच सरकून नव्या जागी घट्ट बसला. आधी रेघा पाहा. रेघा जुळत असतील तर निर्धास्त क्लिक द्या. पण डार्ट इकडेतिकडे विखुरले असतील तर काहीतरी मोकळं आहे. क्लिक देऊन ते सुधारणार नाही.

विखुरलेले असतील तर सांध्यावर अंगठा ठेवून दुर्बीण चारही बाजूंना दाबून पाहा: वरच्या रिंगा, खालची पकड, आणि रेल स्वतः बंदुकीला जिथे जोडली आहे तो सांधा. हा तिसरा सांधा लोक विसरतात, कारण तो माउंटच्या खाली झाकलेला असतो. त्याचे स्क्रू ढिले असतील तर वर कितीही महागाच्या रिंगा लावा, काही उपयोग नाही. हालचाल सापडली नाही तर माउंट काढा, पुसा, खाचेत माती, गंज, चेपलेली कड आहे का पाहा, पुन्हा बसवा, पुन्हा पाच डार्ट. तरीही पसरलेच, तर खात्रीची दुसरी दुर्बीण लावून पाहा. दुसरीनं एका जागी पडले तर पहिली आतून गेली. दुसरीनंही पसरले तर दोष दुर्बिणीचाही नाही आणि माउंटचाही नाही. मग डार्टचा गोंडा, नळीतली घाण, गॅसची गळती, दाबाचा काटा यांच्याकडे वळा.

उन्हाळ्यात या शेवटच्या कारणाकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरमधला दाब तापमानासोबत झपाट्यानं वाढतो. 20 अंशांना तो 57 बारच्या आसपास असतो आणि 31 अंशांना 73 च्या वर जातो. मे महिन्यात चंद्रपूरला पारा 45 च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीतली पेटी त्याहून तापते. बंदूक सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवावी आणि दाब मारण्याच्या जरा आधी पुन्हा पाहावा.

सेमी ऑटोमॅटिक रायफलीवर हेच काम अवघड का?

मोहिमेत पथकाच्या रक्षणासाठी पोलीस किंवा वनखात्याचे सशस्त्र जवान असतात. एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, गावात अनेकांनी पाहिली असेल. ही सेमी ऑटोमॅटिक. म्हणजे घोडा एकदा दाबला की एक गोळी, आणि पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये. लष्करी वापराचे 7.62 आणि 5.56 मिलिमीटर हे बोअर, म्हणजे नळीची मापं, प्रतिबंधित आहेत. सामान्य परवान्यावर ते मिळत नाहीत. पण ज्यांच्या हातात ही रायफल आहे त्यांना माउंटचा त्रास डार्ट गनवाल्यांहून जास्त.

कारण तिच्यात एका गोळीला दोन झटके बसतात. गोळीमागच्या गॅसचा काही भाग आतल्या जड भागाला मागे फेकतो, तो मागच्या टोकाला आदळतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि तो पुन्हा आदळतो. माउंटला एकदा मागे, एकदा पुढे, असा हिसका बसतो. शिवाय प्रत्येक वेळी रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. दुर्बीण फार खाली किंवा माउंट सोडवायचा खटका पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीवर आला, तर पुंगळी अडकून रायफल थांबते. रायफल अडकली की लोक मॅगझिनला आणि गोळ्यांना दोष देतात. खटक्यावर पितळेचे ओरखडे दिसले तर कारण माउंटच.

मोठा प्रश्न मात्र माउंट कशाला जोडायचा, हा. एसएलआरच्या वरचं झाकण साफसफाईसाठी सरकवून काढता येतं. ते पातळ पत्र्याचं असतं, त्याला थोडी खेळती जागा लागतेच. त्यावर दुर्बीण बसवली की प्रत्येक सफाईनंतर झिरो बदलतो. ब्रिटिशांनी त्यांच्या एसएलआरवर सूट नावाची दुर्बीण बसवली तेव्हा तिच्यासाठी खास वेगळं झाकण केलं, ते यामुळेच. एके जातीच्या रायफलीतही वरचं झाकण पातळ, म्हणून तिच्या अनेक प्रकारांत डाव्या बाजूला बॉडीवरच रेल रिव्हेटनं ठोकलेली असते. एआर जातीत, म्हणजे अमेरिकी एम-4 सारख्या रायफलींत, वरची रेल बॉडीचाच भाग असते, पण पुढे नळीभोवतीच्या हातपकडीवरही बऱ्याचदा तशीच रेल चालू राहते. मग एक रिंग बॉडीवर आणि दुसरी हातपकडीवर लावायचा मोह होतो. तो टाळावा. हातपकड दाबानं आणि नळीच्या उष्णतेनं हलते, बॉडी हलत नाही. दुर्बीण दोन वेगळ्या वस्तूंना बांधली तर एकीची हालचाल तिला वाकवते. दोन्ही रिंगा एकाच तुकड्यावर, हा इथला मुख्य नियम.

दुर्बीण सोडून लाल ठिपका लावला तर?

20-25 मीटरसाठी लाल ठिपक्याची साइट चांगली आहे. दोन्ही डोळे उघडे राहतात, ठिपका पटकन जनावरावर जातो. बऱ्याच मोठ्या दुर्बिणी 100 यार्डांवर स्पष्ट दिसावं अशा बनवलेल्या असतात, त्यांच्यातून 15 मीटरवरचा वाघ धूसर दिसतो. मला विचाराल तर डार्ट गनवर लाल ठिपका किंवा 10 मीटरपर्यंत फोकस होणारी कमी ताकदीची दुर्बीणच लावावी. पण माउंटच्या प्रश्नातून सुटका नाही. ठिपक्याची साइटसुद्धा रेलवरच बसते, आणि ती लहान असल्यानं तिची पकड आखूड असते. पकड आखूड तेवढी तेवढ्याच हालचालीची चूक मोठी. वर बॅटरीची आठवण ठेवावी लागते, ती वेगळीच.

म्हणजे प्रत्येक चुकलेला डार्ट माउंटमुळेच?

तसं म्हणणं अन्यायाचं होईल. वाघ शेवटच्या क्षणी वळतो. वाळलेल्या गवताची एक काडी डार्टची दिशा बदलते. मारणाऱ्याच्या मागे शेकडो माणसांचा आरडाओरडा चालू असतो. मला एवढंच म्हणायचं आहे की या सगळ्या कारणांपैकी माउंट हे एकच कारण असं आहे जे मोहिमेच्या आदल्या रात्री, दिव्याखाली, शांतपणे बसून पूर्ण काढून टाकता येतं. वाऱ्यावर आणि वाघावर आपला ताबा नाही.

आणि हे काढून टाकणं का महत्त्वाचं, ते कायद्यातून कळतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 नुसार वाघासारख्या प्राण्याला मारण्याचा आदेश तेव्हाच निघू शकतो, जेव्हा त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री होते. म्हणजे डार्ट वारंवार चुकत राहणं ही फक्त त्या दिवसाची निराशा नसते. प्रत्येक अपयशासोबत गावाचा धीर संपत जातो आणि गोळीची मागणी वाढत जाते. पांढरकवड्याच्या टी-1, म्हणजे अवनी, वाघिणीचा शेवट 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीनं झाला आणि तिच्या अंगावरच्या डार्टविषयीचा वाद पुढे बराच काळ चालला. तिथे माउंटचा काही संबंध होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला की नाही, हा प्रश्न किती दूरवर जातो, हे तेव्हा सगळ्या विदर्भानं पाहिलं.

म्हणून प्रत्येक बंदुकीची स्वतःची वही असावी. शेवटचा झिरो कधी केला, कोणत्या अंतरावर, किती दाबावर, कोणत्या वजनाच्या डार्टनं, स्क्रू कोणी आवळले, रेघा शाबूत होत्या का. बंदूक एका परिक्षेत्रातून दुसऱ्यात गेली की वही सोबत जावी. मोहीम फसली तर चौकशीत ही वही पहिल्यांदा उघडावी. मारणाऱ्यावर विनाकारण ठपका येणार नाही, आणि दोष खरंच बंदुकीचा असेल तर तो पुढच्या मोहिमेआधी निघेल.

गावानं काय करायचं?

पथक गावात आलं आणि वाघाकडे जायच्या आधी शाळेच्या मागे पुठ्ठा लावून डार्ट मारत बसलं, तर लोक चिडतात. "वाघ तिकडे बसून राह्यला अन् हे इथे खेळून राह्यले." तो खेळ नसतो. गाडीतून आलेल्या बंदुकीचा झिरो टिकला आहे का, हे तपासण्याचा तो एकमेव मार्ग आहे. त्यांना अर्धा तास आणि तीस मीटर मोकळी जागा द्या, पोरंढोरं बाजूला ठेवा. पुठ्ठा लावलाच नाही तर सरपंचानं किंवा पोलीस पाटलानं नम्रपणे विचारायला हरकत नाही: साहेब, आज झिरो पाहिला का?

चुकलेला डार्ट वावरात पडतो, आणि पथकाला तो घाईत सापडेलच असं नाही. त्यात औषध आणि दाबलेली हवा तशीच असू शकते. धान कापताना, कापूस वेचताना किंवा गवतात रंगीत गोंड्याची सिरिंज दिसली तर सुईला हात लावू नका, उचलून खिशात ठेवू नका, गुरं त्या तुकड्यात सोडू नका. काठी रोवून खूण करा आणि वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. सुई चुकून टोचलीच तर झोप येण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा, आणि वनरक्षकाला फोन करून डार्टमध्ये कोणतं औषध होतं ते डॉक्टरांना थेट सांगायला लावा.